हलग्याचं सेशन आणि आमचं सेशन

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी उद्यमबागेत कामावर होतो, फौंड्रीच्या ऑफिसात, डबा उघडायच्या बेतात, आणि अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे खानापूर रोडला ज्यांचं मंगल कार्यालय आहे ते. नात्यातले नव्हेत, पण वडिलांचे दोस्त, त्यामुळे नात्यातल्यांपेक्षा जास्त हक्काने ओरडतात. त्यांची वेबसाइट मी केलीय, नोकरी सांभाळून असली चार-पाच कामं करतो मी.

"अरे काय करून ठेवलायस ते? मराठी दाबलो की एक पान मराठी यायलंय, पुढचं दाबलो की परत कानडी! चंदगडच्या पावण्याचा फोन आलता, मराठी माणसाचं कार्यालय म्हणून बघायला गेलो तर सगळं कानडी म्हणे. सकाळधरनं तीन जण झाले."

आता हे बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, एक बटण नीट चालत नाही एवढंच. पण आमच्या इथं, बेळगावात, मराठी दाबल्यावर कानडी येणं म्हणजे किरकोळ नव्हे हो. लोक त्याचा अर्थ लावतात. त्या पावण्याने विचारलंही म्हणे, की मुद्दाम काढलंय काय मराठी. आणि उलट बाजूला अण्णांचं अर्धं गिऱ्हाईक बैलहोंगलकडचं, त्यांना कन्नडच पाहिजे, त्यांच्याकडून एकही तक्रार नाही, कारण त्यांना हवं तेच दिसत होतं.

साइट उघडली की पहिल्यांदा कन्नड दिसायचं हेही अण्णांचंच फर्मान. २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आला तेव्हा कार्यालयाची पाटी बदलली, त्याच आठवड्यात साइट होत होती, तर म्हणाले यातही पहिलं कानडीच ठेव, कटकट नको. कायदा पाटीचा आहे, साइटचा नाही, हे मी सांगितलं होतं. असो.

तर मी फोनवर म्हटलं, अण्णा, हा सेशनचा प्रॉब्लेम दिसतोय.

अण्णा गप्प. मग म्हणाले, "म्हणजे हलग्याला सेशन चालू आहे म्हणून नेट बंद केलेत काय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध आहे, २०१२ मध्ये उद्घाटन झालं, आणि हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार बंगळूरहून इकडं येतं. ते दहा-बारा दिवस हायवेला पोलीस, गावातली लॉजं फुल्ल, रोज कुणाचा तरी मोर्चा. आमच्याकडं डिसेंबरात सेशन म्हटलं की तेच. हसू आलं, पण त्यांना समजावायला जी दहा मिनिटं गेली त्यात माझा डबा गार झाला.

समजावलं ते असं. आपण शिंप्याकडं माप देतो. माप कुठं राहतं, शिंप्याच्या वहीत. आपल्या हातात फक्त नंबराची चिठ्ठी. पुढच्या वेळी गेलो की चिठ्ठी दाखवायची, तो त्या नंबरचं पान काढतो, तुमची छाती-कंबर सगळं त्याला परत आठवतं. वेबसाइटला स्वतःची आठवण नसते, दर पानाला ती तुम्हाला नव्याने बघते. म्हणून ब्राउझरकडं एक चिठ्ठी देते, ती कुकी, आणि सर्व्हरवर, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर राहते तिथं, एका फाइलमध्ये लिहून ठेवते की हा माणूस मराठीवाला, याने १२ तारीख निवडलीय, मोठा हॉल पाहिजे. ती फाइल म्हणजे सेशन. पीएचपीमध्ये (साइट ज्यात लिहिलीय ती प्रोग्रामिंगची भाषा) काही वेगळं सांगितलं नसेल तर ह्या खऱ्याखुऱ्या फाइलीच असतात, नावाच्या सुरुवातीला सेस, अंडरस्कोर, आणि पुढं लांबलचक अक्षरं-आकडे. आता शिंप्याच्या वहीत पानंच उरली नाहीत तर? तो चिठ्ठी देईल, माप लिहिणार कुठं? पुढच्या वेळी चिठ्ठी दाखवली की म्हणणार, कोण तुम्ही?

बरोब्बर तेच झालं होतं, फक्त मला ते कळायला संध्याकाळ झाली.

कारण घरी येऊन लॅपटॉपवर साइट उघडली तर सगळं व्यवस्थित! मराठी दाबलं, मराठीच राहिलं. तारीख, हॉल, जेवणाची पानं किती, शेवटपर्यंत गेलो, एक चूक नाही. अण्णांना फोन लावून म्हणणार होतो की तुमच्या मोबाइलमध्येच काहीतरी आहे, आणि बरं झालं म्हटलं नाही. सहज म्हणून इनकॉग्निटोत, म्हणजे जुन्या चिठ्ठ्या न वापरणाऱ्या ब्राउझरच्या खिडकीत, उघडली आणि तिथं लगेच कन्नड. तिसऱ्या पायरीला तर "कृपया आधी तारीख निवडा", अरे आत्ताच निवडली की!

माझा ब्राउझर मी कधी बंदच करत नाही, झाकण पाडतो आणि झोपतो. त्यामुळे माझी चिठ्ठी जुनी होती आणि वहीत माझं पान आधीपासून होतं, जुन्या पानावर लिहायला अडचण नव्हती. अडचण नवीन पान काढायला होती. म्हणजे साइट बनवणाऱ्याला सगळं चालतंय आणि नव्या गिऱ्हाइकाला काहीच चालत नाही. सेशनची तक्रार आली की पहिल्यांदा इनकॉग्निटो उघडा, बाकी सगळं नंतर.

मग एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही. स्क्रीनवर एरर दाखवणं बंदच ठेवलेलं असतं, ठेवावंच, पण लॉगची फाइल असते. त्यात एकच ओळ शेकड्यांनी, सेशन स्टार्ट, ओपन फेल्ड, आणि शेवटी डिस्क कोटा एक्सीडेड, कंसात १२२. त्याच्या खालीच दुसरी ओळ, सेशनचा डेटा लिहिता आला नाही, सेव्ह-पाथ (सेशनच्या फाइली ठेवायच्या फोल्डरचा पत्ता) बरोबर आहे का बघा. ही दुसरी ओळ माणसाला फसवते. मी अर्धा तास सेव्ह-पाथच बघत बसलो, स्पेलिंग, स्लॅश, परमिशन. पाथ अगदी बरोबर होता. खरं काय ते कंसातला आकडा सांगतो. लिनक्सवर, म्हणजे त्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, २ आला तर तो फोल्डरच नाहीय, १३ आला तर फोल्डर आहे पण परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्क भरली, १२२ म्हणजे डिस्क भरली नसेल पण तुमच्या वाट्याची मर्यादा संपली. शेअर्ड होस्टिंगवर १२२ बघायची तयारी ठेवायची, कारण तिथं एका वाड्यात पन्नास बिऱ्हाडं आणि प्रत्येकाला मोजून माप.

पण होस्टचं, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीचं, पॅनल उघडलं तर १० जीबीपैकी ३ जीबीसुद्धा वापरलेली नाही. मग कोटा कसला संपला? होस्टच्या सपोर्टला चॅटवर विचारलं (नाव नको), तर समोरच्याने आधी ब्राउझरचा कॅश क्लिअर करा म्हणून सांगितलं, मग मोठा प्लॅन घ्या म्हणाला. मी चॅट बंद केलं.

आणि तेवढ्यात अण्णांचं एक वाक्य आठवलं, फोन ठेवता ठेवता म्हणाले होते की तीन दिवस झाले मेलपण येईनात. तेव्हा मी ते कानाआडच केलं होतं. मेल आणि सेशन यांचा संबंध काय? संबंध हाच की दोन्हींना नवीन फाइल लागते. आमच्या होस्टकडं प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल आणि ती त्याच खात्याच्या हिशोबात. मग पॅनलमध्ये खाली जाऊन बघितलं तर जागेच्या पट्टीखाली आणखी एक पट्टी होती, फाइल्सची, लालभडक. २,५०,००० पैकी २,५०,०००.

याला आयनोड म्हणतात. जागा किती व्यापली हा एक हिशोब आणि नग किती हा दुसरा. बसमध्ये माणूस बारीक असो नाहीतर जाड, सीट एकच जाते, तसं रिकामी फाइलसुद्धा एक नग खाते. हे मला पुस्तकात माहीत होतं, पण घाईत डोकं चालत नाही, मी काय केलं तर जुन्या फोटोंची ४०० एमबीची झिप उडवली आणि खूश झालो. नग किती कमी झाले? एक! आणि तो एक पुढच्या मिनिटाला कुठल्यातरी बॉटनं, म्हणजे आपोआप साइटी उघडत फिरणाऱ्या प्रोग्रामनं, गिळला.

आता एवढ्या फाइली आल्या कुठून? होम डिरेक्टरीत सेशन्स नावाचा फोल्डर, मीच केलेला. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी साइट नवीन असताना होस्टनं पीएचपीचं व्हर्जन बदललं आणि सेशनचा मूळ पाथ गायब झाला, तेव्हा २ नंबरची एरर येत होती. त्यावर उपाय म्हणून मी स्वतःचा फोल्डर केला, पब्लिक एचटीएमएल ह्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, परमिशन ७०० म्हणजे फक्त मालकाला, आणि डॉट युजर डॉट आयएनआय ह्या पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलीत सेव्ह-पाथ तिकडं वळवला. उपाय बरोबर होता. वाड्यातल्या सामाईक माळ्यावर सामान ठेवण्यापेक्षा आपल्या खोलीत ठेवलेलं बरं, शिवाय सामाईक फोल्डरमध्ये दुसऱ्याने कमी मुदत ठेवली तर त्याच्या झाडलोटीत तुमचीही पानं जाऊ शकतात.

पण माळा झाडायला वाड्याचा माणूस येत होता, माझ्या खोलीत कोण येणार? जुनी सेशनं साफ करायचं काम पीएचपी स्वतः करतं, पण नशिबावर. दर वेळी सेशन सुरू होताना जणू सोडत काढतं, शंभरात एक अशी शक्यता मूळ सेटिंगमध्ये असते, लागली की मुदत संपलेली पानं फाडतं. मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. मात्र डेबियन-उबंटूसारख्या लिनक्सवर हे नशीब शून्यावर ठेवलेलं असतं आणि त्याऐवजी दर अर्ध्या तासाने एक वेगळं काम येऊन ठरलेला फोल्डर साफ करतं. आमच्या होस्टकडंही ते शून्यच होतं. ठरलेला फोल्डर रोज चकाचक, आणि माझ्या फोल्डरला साइट सुरू झाल्यापासून झाडूच लागला नव्हता.

तरी अडीच लाख? कार्यालयाची साइट आहे, दिवसाला पाच-पन्नास माणसं येत असतील लग्नसराईत, एरवी तीही नाहीत. बॉट येतात हे खरं, आणि बॉट चिठ्ठी सांभाळत नाहीत, दर पानाला नवीन माणूस म्हणून उभे राहतात आणि दर पानाला एक फाइल. पण मोठा वाटा त्यांचाही नव्हता, हे कळलं तेव्हा मी खुर्चीत मागं रेललो आणि एकटाच हसत बसलो. साइट बंद पडली तर मला मेसेज यावा म्हणून मी एक फुकटची सेवा लावून ठेवली होती, दर पाच मिनिटांनी ती मुख्य पान उघडून बघते. तीही चिठ्ठी सांभाळत नाही. तासाला १२, दिवसाला २८८. सातशे दिवस धरले तरी २,०१,६०० फाइली. साइट जिवंत आहे ना, साइट जिवंत आहे ना असं विचारून विचारून माझ्याच राखणदाराने तिचा जीव घेतला. कुंपणानेच शेत खाल्लं ते हे असं.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे त्याने मला एकदाही मेसेज पाठवला नाही, कारण मुख्य पान कन्नडमध्ये व्यवस्थित उघडत होतं. त्याच्या दृष्टीने साइट झकास.

साफसफाई दुसऱ्या दिवशी. मी परत कामावर, ऑफिसच्या नेटवर पॅनल उघडत नाही, म्हणून अण्णांच्या भाच्याला कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर बसवला. पोरगा गोगट्यांच्या कॉलेजला बी.कॉम. करतोय, टायपिंग चांगलं आहे. आधी त्याने फाइल मॅनेजरमधून फोल्डर उघडला, चाक फिरतंय फिरतंय, दहा मिनिटांनी पांढरं पान. एवढे नग त्याला झेपत नाहीत. नवीन फोल्डर कर म्हटलं तर तोही होईना, फोल्डर हाही एक नगच की. मग पॅनलमधलं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायला लावलं, तिथं स्टार लावून सगळं उडवायला गेलो तर आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग, यादीच फार लांब. मग दुसरा हुकूम, फोनवरून एकेक शब्द.

"फाइंड लिही. स्पेस. आता तो पाथ, सेशन्सपर्यंत, तिथं थांब. स्पेस. हायफन टाइप, स्पेस, एफ."

"हायफन म्हणजे ती आडवी रेघ नव्हे दादा?"

"तीच. स्पेस. हायफन नेम, स्पेस, सिंगल कोट, सेस अंडरस्कोर स्टार, सिंगल कोट. स्पेस. हायफन एममिन, स्पेस, प्लस १४४०."

इथला १४४० मिनिटांचा आहे बरं का, सेकंदांचा नव्हे. म्हणजे एक दिवस ज्यांना हात लागला नाही त्या. आकडा तोच आला हा योगायोग, पण मुद्दाम सांगतो, कारण माझाही एकदा घोळ झालाय.

डिलीट लगेच लिहायचं नाही. आधी त्याच ओळीला पाइप, म्हणजे ती उभी रेघ, आणि डब्ल्यूसी हायफन एल लावून नुसते मोजायचे. पाथ चुकला आणि पुढं डिलीट असेल तर कार्यालयाचे फोटो, मेल, सगळं पंचगंगेला. मोजले तर दोन लाख तीस हजारांच्या वर. भाचा म्हणाला, "दादा, एवढ्या लोकांनी बुकिंग केलंय?" त्याला म्हटलं, होय, आणि सगळे एकाच मुहूर्ताला. मग पाइप काढून हायफन डिलीट. तीन-चार मिनिटं काहीच हललं नाही, पोरगा घाबरला, मीही थोडा घाबरलो, मग कर्सर परत आला. पट्टी हिरवी. पाच मिनिटांत अडकलेले मेल धडाधड यायला लागले, कॅटररची बिलं, एक चौकशी, बाकी जाहिराती.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर दोन वर्षांनी परत हेच झालं असतं.

त्या डॉट युजर डॉट आयएनआयमध्ये जीसी प्रोबॅबिलिटी (तेच झाडलोटीचं नशीब) १ केली, डिव्हायझर १००, म्हणजे माझ्या खोलीचा झाडू आता माझा. बदल केला आणि लगेच तपासलं तर अजून शून्यच. परत केला, परत शून्य. तिसऱ्यांदा करताना आठवलं की ही फाइल पीएचपी दर ३०० सेकंदांनी वाचतं, त्यामुळे पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. चहा करून आलो तर लागू झालेलं. आणि हेच सेटिंग पीएचपी व्हॅल्यू म्हणून डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये टाकायच्या भानगडीत पडू नका, पीएचपी अपाचेच्या, म्हणजे पानं पाठवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, आत मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच ते चालतं, नाहीतर सरळ ५०० एरर येऊन अख्खी साइट झोपते. आणि फोल्डरला ७७७ परमिशन (कुणीही वाचा, कुणीही लिहा) द्या म्हणून सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका, तसं करणं म्हणजे वही दुकानाबाहेर कट्ट्यावर ठेवणं.

मुदतही वाढवली, २४ मिनिटांची दोन तास केली, ७२०० सेकंद. कारण लग्नाचं बुकिंग हे सिनेमाचं तिकीट नव्हे. माणूस तारीख निवडतो, मग आत जाऊन आईला विचारतो, आई भटजींना फोन लावते, भटजी पूजेत असतात, मग मामाला विचारायला पाहिजे. इकडं झाडू फिरला की तारीख गायब.

खरी दुरुस्ती मात्र वेगळीच होती आणि ती करायला मला लाज वाटली, कारण पहिल्या दिवशीच करायला हवी होती. भाषा सेशनमध्ये ठेवायचीच कशाला? ती काय गुपित आहे? नुसती एक साधी कुकी, मराठी की कन्नड की इंग्रजी, ब्राउझरकडंच राहू दे. मी आळसाने हेडरच्या फाइलीत सेशन सुरू करून ठेवलं होतं, त्यामुळे जो कुणी कुठलंही पान उघडेल त्याच्या नावाने एक फाइल. आता सेशन फक्त बुकिंगचा फॉर्म उघडला की सुरू होतं, तिथं ना बॉट जात ना राखणदार. राखणदाराला मी एक वेगळी साधी टेक्स्ट फाइल दिलीय बघायला, बस तिकडं दर पाच मिनिटांनी डोकाव म्हटलं, आणि फाइलींची पट्टी महिन्यातून एकदा मीच बघतो.

महिन्याभराने फोल्डर उघडला तर आत ९ फाइली. बाकी माझ्या दुसऱ्या दोन साइटींतही तसाच फोल्डर निघाला, एक लाख ऐंशी हजार आणि चाळीस हजार. त्या मालकांना काही सांगितलं नाही, रात्रीच झाडून टाकल्या.

अण्णांना फोन केला, आता बघा म्हटलं. तासाभराने त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आला, चौथ्या पायरीचा, पूर्ण मराठी, आणि पाठोपाठ व्हॉइस मेसेज.

"हां, आता मराठी राहायलंय. चंदगडच्या पावण्यालापण पाठवलो. पण ते मुहूर्त चुकीचं लिहिलायस बघ, हू दीर्घ पाहिजे की."

बघितलं. चार ठिकाणी चुकलं होतं, पहिल्या दिवसापासून.